तीन मिलिमीटर

कोउवोलातल्या गराजात हीटर नुसताच गुरगुरतोय.
"उजवीकडे, पार शेवटपर्यंत," साइमी खालून ओरडते.
स्टिअरिंग फिरतं. काही नाही.
"आता डावीकडे."
खर्रर्र.

नव्या रिम्स, सतरा इंची, उसन्या पैशांतल्या;
म्हाताऱ्या साबच्या पायात
थोरल्या भावाचे बूट.
पत्र्याची कड कालच आत ठोकली,
स्पेसर काढला, परत घातला,
तरी टायरच्या खांद्यावर तीच चकचकीत रेघ.

शेवटी ती मोजपट्टी घेऊन फरशीवर आडवी होते.
उजवीकडे फट आठ. डावीकडे पाच.
पुन्हा मोजते. पाचच.

रिम्सचा दोष नाही, बाबा.
गाडीच सरकलीय.

तायस्तो स्टिअरिंगवरचे हात काढत नाही.
काचेवर त्याचा श्वास साचतो, विरतो, साचतो.
"तू पोटात होतीस तेव्हा," तो म्हणतो,
"एल्क आडवा आला,
असं मी तुझ्या आईला सांगितलं होतं."

कोपऱ्यात जुनी पंधरा इंची चाकं आहेत,
कशालाच न लागणारी.
साइमी तिकडे बघतही नाही.
टॉर्च दातात धरून कमानीत डोकं घालते.

"डावीकडेच धरून ठेवा," ती म्हणते,
"बघू दे, नेमकं कुठे लागतंय."