कारणाचा रकाना

बचत गटाची वही माझ्याकडं असते,
सातवीपर्यंत शिकलेली मी एकटीच म्हणून.
अक्षर वाकडं, पण बेरीज चुकत नाही.
नाव, रक्कम, हप्ता, अंगठा
आणि मधे बोटभर रकाना: कारण.

सहा वर्षांत त्यात मी लिहिलं
शेळी. शेळी. शिलाई मशीन. पत्रे.
पोरीची फीस. शेळी.
गावात फिरून मोजल्या तर चारच भरतील.
बाकीच्या शेळ्यांनी कुणाचा नवरा चौकीतून सोडवून आणला,
कुणाच्या सासूचा मोतीबिंदू काढला.

या महिन्याला दैवशाला उठून उभी राहिली.
वय एकोणतीस, तीन लेकरं.
म्हणली, तीन हजार पाहिजेत.
मी पेन टेकवलं. शेळी लिहू?
नाही, म्हणली. पिशवी.

शाहूबाईनं मांडीखालची पैशाची थैली पुढं सरकवली,
तिला वाटलं, हीच मागायली.
कुणी हसलं नाही.

अंगावरून जातंय चार महिने, दैवशाला सांगू लागली,
पायाच्या अंगठ्यानं भुई उकरत.
नाक्यावरच्या डॉक्टरनं हात न लावताच सांगितलं,
काढून टाक, नाहीतर गाठ होईल.
मुकादम म्हणतो, काढून टाक, खाडा पडत नाही,
खर्च उचलीत धरू.
नवरा म्हणतो, सगळ्याच काढायल्यात.
सासू म्हणते, लेकरं झाली,
रिकामी पिशवी कशाला टांगून ठेवायची?

समद्यांचं सांगून झालं.
मला कुणी इचारलंच नाही.
मला आधी दाखवायचंय, अंबाजोगाईला,
बाई डॉक्टरला, सोनोग्राफी करून.
मग काढायची तर मी सांगन.
ठेवायची तर मी सांगन.

खाली कोंबड्या दाणे टिपत होत्या,
तेवढाच आवाज.
अयोध्या हळूच म्हणली, दवाखान्याला व्याज नको लावू.
दैवशाला तडकली:
लावा. शेळीला दोन टक्के, तर मला बी दोन टक्के.
मी काय मागायला आले नाही,
मव्हे बी पैसे हायेत त्या थैलीत.

मी लिहिलं. रकान्यात मावेना,
शेवटचं अक्षर रेघेबाहेर, हप्त्याच्या घरात गेलं.
बाराजणींनी सही-अंगठे दिले.
शाहूबाईनं अंगठा टेकवला
आणि बराच वेळ उचललाच नाही.

दिवेलागणीला ती माझ्या दारात,
पदराखाली एक घडी घातलेला कागद.
सोळा वर्षं पेटीत होता, म्हणली. वाच.
सगळं इंग्रजीत. मला आकडे तेवढे कळतात
आणि नाव.
तारीख वाचली. नाव वाचलं.
वय: पस्तीस.

ती बोटं मोजत राहिली.
अगं, थोरलीला घाटाखालच्या शाळेत घातलं त्याच साली.
मी तर तेवीसची होते.

पुन्हा बघ, म्हणली. पुन्हा पाहिलं.
दिव्याजवळ धरून पाहिलं.
मग वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर
मी पस्तीस लिहिले, खाली तेवीस,
रेघ ओढली.

बारा.

शाहूबाई त्या आकड्याकडं बघत बसली,
जसं कुणी आपल्या पैशाकडं बघतं
दुसऱ्याच्या हातात.
मग म्हणली,
लिहून ठेव. कारण मोकळं सोड.