बारावी थाप

फावडं आत जाईपर्यंत सगळं ठीक असतं.
वरचा हातभर बर्फ कालचा, चाळलेल्या पिठासारखा,
त्याखाली फेब्रुवारीतल्या तीन उन्हाच्या दिवसांचं कवच,
नख ओढलं तर कर्र वाजणारं.
आणि त्याच्याही खाली, मी गुडघे टेकून बसते तिथे,
ते दाणे.

डिसेंबर कोरडा गेला होता, बर्फ जेमतेम वीतभर.
जमिनीची ऊब वर चढत होती, आभाळाचा गारठा खाली,
त्या ओढाताणीत हे घडले:
मोठे, पैलूदार, एकमेकांचा हात न धरणारे.
हातमोज्यावर घेतले की खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे ओघळतात.
त्यांच्या डोक्यावर आता सगळा हिवाळा उभा आहे.
डोंगराचंही असतंच, पोटात एक, ओठात एक.

मेस्तियाच्या वर भूर्जांची शेवटची रांग आहे,
सगळी एकाच बाजूला वाकलेली.
आमचं जुनं दप्तर ते. वाचता येणाऱ्याने वाचावं.
मी जन्मले त्या हिवाळ्यात आमच्या घराने
दगडी बुरुजात तीन रात्री काढल्या, गाय आणि कोंबड्यांसकट.
आई एवढंच सांगते, की चौथ्या सकाळी
शेजाऱ्यांचं कुंपण आमच्या अंगणात आलं होतं.

मागे पाच जण उभे आहेत, स्की बर्फात रोवून.
वोइचेख घड्याळ बघतो. पैसे भरलेत, सुट्टी उद्या संपते.
"उतार तर देखणा आहे, त्सियाला."
आहेच. सदतीस अंश, एकही रेघ नसलेला.
कड्यावरून वारा बर्फाचं धूसर उपरणं उडवतोय
आणि ते नेमकं याच बाजूला येऊन पडतंय.

करवतीने चौकोनी खांब सुटा करते, फावड्याच्या पात्याएवढा.
पातं वर ठेवते.
मनगटातून दहा थापा. काही नाही.
कोपरातून, अकरा.
बारा.

खांब मोडला नाही. मोडला असता तर मी आणखी विचार केला असता.
तो सरकला,
नव्या टेबलाचा कप्पा सरकावा तसा, बिनआवाज,
आणि माझ्या मांडीवर येऊन बसला.

बेशकेन, माझा भाचा, वहीत लिहितो: १२, सरकला, तळचे दाणे.
मग हळूच विचारतो,
"यांना सांगू का, अठरा म्हणून?"
माणसांना थाप मारता येते रे.
बर्फाला मारलेली थाप तो मोजून परत देतो.

आम्ही झाडीतून उतरलो, लाकूडतोड्यांच्या वाटेने.
फांद्या, खड्डे, ओला बर्फ, कुणाच्या तोंडून शब्द नाही.
संध्याकाळी गरम कुब्दारी, वर लसूण आणि मेथीचं आमचं मीठ.
वोइचेखने तुकडा मोडला, मोबाईल माझ्यापुढे धरला.
तोच उतार. दुपारी दोनची वेळ.
चार सुंदर रेघा, वरपासून खालपर्यंत,
आणि तळाशी चार अनोळखी माणसं, हात उंचावून हसणारी.
तो काही बोलला नाही. सभ्य माणूस.
मी त्याला आणखी चहा ओतला.

रात्री छपरावरून बर्फाचा गठ्ठा घसरला
आणि मी अंथरुणात उठून बसले.

बरोबर असल्याचा दाखला या कामात मिळत नाही.
चूक असल्याचा मिळतो, एकदाच,
आणि तो घ्यायला आपण असतोच असं नाही.

जूनमध्ये गाय शोधत तिथे गेले होते.
उतार जागच्या जागी विरघळला होता, कुठे ओरखडा नाही,
दगडांमधून पिवळी फुलं आलेली.
माझा खड्डा कुठे होता, तेही सापडेना.
गाय मात्र सापडली. सदतीस अंशावर
चार पाय रोवून रवंथ करत होती.
मी हाक मारली. तिने मान वळवून पाहिलं,
आणि पुन्हा चरायला लागली.