तीन बोटं

मेडिकल चौकातून पहाटे निघते आमची व्हॅन.
पाठीवर रंगवलेला दात, हसरा, दोन डोळ्यांचा.
चौदा वर्षं चालवतोय.
दाताला डोळे काहून, कोणी विचारलं नाही.

ह्या खेपेला मागं पाच जण फिनलंडचे,
दातांच्या कॉलेजातली शेवटच्या वर्षाची पोरं,
आपापल्या पैशानं आलेली, दोन आठवडे.
दिघोरी नाका ओलांडेस्तोवर आइनोनं तीनदा विचारलं,
रस्त्यात गाई कशा काय झोपतात.
म्हटलं, तुमच्याकडे बर्फ झोपतो तशा.

दुभाषी म्हणून येणारी साखरे मॅडम तापानं पडलेली,
म्हणून नांदखेडीच्या समाजमंदिरात
मलाच उभं केलं खुर्चीशेजारी.
इंग्रजी कामापुरतं येतं,
आणि दुखणं तर सगळीकडं एकच, असं वाटलं.

बेबीबाई ढोक म्हणाली, ठणकते.
मी म्हणालो, पेन.
मागचा म्हातारा, थंड पाण्यानं सणकते. पेन.
एकाची दाढ रात्री कळ मारते,
एकीच्या हिरड्या शिवशिवतात,
एका पोराच्या दातात म्हणे मुंग्या बोलतात.
पेन, पेन, पेन.
आइनोच्या कागदावर बावीस माणसं एकाच शब्दात कोंबली.
तिनं हातातलं पेन, ते दुसरं पेन, खाली ठेवलं.
म्हणाली, करून दाखव.

ठणक्यासाठी मी टेबलावर मूठ आपटली, थांबून थांबून.
कळेसाठी बोट ओढलं कानापासून हनुवटीपर्यंत.
शिवशिवण्याला काही सुचेना,
तेव्हा रांगेतल्या बायांनी दहाही बोटं हवेत नाचवली
अन् अख्खं समाजमंदिर हसलं, सुजल्या गालांसकट.

दुपारी पंचफुला रामटेके.
मिरचीच्या सातऱ्यावर डेख तोडते, किलोवर मजुरी.
नखात तिखट, पदराला तिखट. तिच्या मागचे दोघं शिंकत होते.
आइनोनं तीन बोटं उभी धरून दाखवली, इतकं उघडा.
उघडलं दीड.
आतला गाल पांढरा, वाळल्या चामड्यासारखा ताठ.
'चार वर्सं झाली बाई, तिखट नाही खाल्लं.
फोडणीचा वास आला तरी भगभगते.
दिवसभर मिरचीत बसतो अन् दूधभात खातो लेकरावानी.'
हे मी इंग्रजीत कसं सांगितलं, आठवत नाही.
आइनोनं विचारलं, दिवसाला खर्रा किती?
पंचफुलानं माझ्या शर्टाच्या खिशाकडं पाहिलं.
पन्नी दिसत होती, रबर लावलेली, सकाळचीच, अर्धी.

'यायलेच विचारा.'

संध्याकाळी सामान भरताना,
बॅटरी, बादल्या, उपटलेल्या दातांचा डबा,
आइनोनं मला खुर्चीत बसवलं.
चौदा वर्षं ही खुर्ची मी चढवतो, उतरवतो, फिनाइलनं पुसतो.
बसलो पहिल्यांदा.
तिनं माझाच हात धरून माझ्याच तोंडाशी नेला.
दोन बोटं गेली.
तिसरं बाहेर राहिलं.

ते गेले. डीन साहेबांनी भाषणात म्हटलं, जग जवळ आलं.
नांदखेडीला पुढची व्हॅन मार्चनंतर, डिझेल मंजूर झालं तर.
पंचफुलाला अन् मला आइनोनं सारखंच दिलं,
आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा जुडगा.
एकावर एक रचून दातांत धरायच्या, दहा मिनिटं,
आठवड्याला एक वाढवायची.

मला पाहिलं की चौकातला ठेलेवाला
न विचारता पन्नी घासायला घेतो.
सहा दिवस हात हलवून नाही म्हणालो.
सातव्या दिवशी घेतला.
आठव्या दिवशी पुन्हा नाही.

आज सक्करदऱ्याचा सिग्नल, लाल, एकशेदहा सेकंद,
माझ्या तोंडात पंधरा काड्या.
शेजारच्या स्कूटरवरचं पोरगं टक लावून बघतंय,
गालात त्याच्या गोळा.
त्याला काही सांगावं,
पण तोंड भरलेलं.
सोळावी काडी स्टेअरिंगवर, अंगठ्याखाली.
पंचफुलाच्या कितीवर आल्या, कोणाला विचारू.