तीन सदतीस

गोझो बेटावरच्या आमच्या गावात
चर्चला दोन मनोरे, दोन घड्याळं.
उजवं चालतं. डावं रंगवलेलं आहे,
चुन्यावर काळे काटे, कायमचे तीन सदतीस.
सैतान मरणाऱ्याचा आत्मा न्यायला येतो,
वर बघतो, खरी वेळ कुठली कळत नाही,
आणि हात हलवत परत जातो.

आम्ही कॅथलिक. देवाला मात्र अल्लाच म्हणतो.
शब्द कुठल्या गलबतातून उतरला
हे विचारायला कुणाला सवड होती?

दुन साल्व हा शिकलेला पाद्री. तो सांगायचा,
दुसऱ्या घड्याळाला पैसे पुरले नाहीत, एवढंच.
भोक झाकायला रंगारी बोलावला,
आणि रंगाऱ्याचं बिल झाकायला सैतान.
आम्ही हसायचो.
आजाऱ्याच्या घरी तेल घेऊन निघाला
की तोही एकदा डावीकडे बघून घ्यायचा.

पण त्या खोट्यात एक खोट होती.
दिवसातून दोनदा, मिनिटभर,
ते खरं व्हायचं.
तेवढ्यात सैतानाला म्हणे वेळ वाचता येई.
म्हणून बाबा ते मिनिटभर लहान घंटा वाजवायचे,
दुपारी, आणि पुन्हा पहाटे कांबळं पांघरून,
शेवटच्या चार पायऱ्या हातांवर.
ते गेल्यावर दोर माझ्याकडे आला.

माझा विश्वास नाही. मेलबर्नला अकरा वर्षं
मी ट्रामचे ब्रेक दुरुस्त केलेत.
तरी ओढतो. एकतीस वर्षं झाली.
एकदा तापात चुकलं, तर चेट्टा दार बडवत आली:
"मेलं कोण? तूच का?"

मला आठवायचं, लहानपणी ही घंटा
दिवेलागणीला वाजायची.
परतल्यावर तसं म्हटलं, तर चेट्टाच म्हणाली,
मेलबर्ननं डोकं फिरवलंय तुझं. नेहमीच तीन सदतीस.
मी मान्य केलं. एवढ्या लांबून आलेल्या माणसाची
आठवण थोडी ओली झालेली असायचीच.

यंदा मनोऱ्याला परांची बांधली.
वालेट्टाहून जुलियाना आली,
कापसाचे बोळे, डोळ्याला भिंग.
तिसऱ्या दिवशी वरून हाक: वेन्झू, वर या.
काट्यांखाली काटे होते.
सात वाजायला पाच. सरावलेल्या हाताचे.
वरचे पुष्कळ नंतरचे, ती म्हणाली,
आणि हा तर होडीचा रंग.
कुणी हौशी माणूस असावा. हात कापत होता.

बाबांच्या होडीच्या नाळेवर दोन डोळे होते.
दर वसंतात ते त्यांची बुबुळं काळी करायचे.

आई गेली तेव्हा मी मेलबर्नला.
पत्र तीन आठवड्यांनी पोचलं:
कर्मनी गेली. मंगळवारी, दुपारी.
मिनिट लिहिलं नव्हतं.

परांचीच्या फळीवर मी गुडघे धरून बसलो.
पुरावा काहीच नाही. नुसता रंग.
सैतानासाठी नेमलेली घंटा
त्यांनी गुपचूप उचलून तिच्या मिनिटावर ठेवली,
आणि मी एकतीस वर्षं
कुणासाठी वाजवतोय, मला ठाऊक नव्हतं.
आणि गाव? रोज वर बघणारी दोनशे घरं.
रातोरात काटे सरकले,
दुन साल्व काही बोलला नाही. चेट्टाही.

नियम असा आहे, जुलियाना म्हणाली,
जुना थर खरा. वरचा काढायचा.
आणि जुन्याखाली?
तिनं भिंग लावलं. बराच वेळ वारा.
पुसट आहे काहीतरी. नऊ. किंवा दहा.
त्याच्याही खाली, बहुतेक, आणखी एक.

उजव्या मनोऱ्यात चक्र खरखरलं. तीन चौतीस.
खाली पोचायला आता मला चार मिनिटं लागतात.
देवाबिवावर विश्वास नाही, असं तिनं
पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.
"निघा," ती म्हणाली, हातमोजा काढून
उघडा तळवा काट्यांवर ठेवत,
"तोवर मी झाकते."