ठसका

नंदुरबारच्या पथारीवर
मिरचीच्या थप्पीमागे जन्मला, म्हणून नाव ठसका.
आई ट्रकखाली गेली,
बाकीची तिघं कोणी कोणी उचलली.
हा माझ्या डब्याच्या पिशवीत शिरून बसला.
घरी येऊन पिशवी खुंटीला टांगायला गेले
तर पिशवी कण्हली.

आठ दिवसांत
जागृतीच्या शाळेचा डावा बूट,
खाटेची नवी नवार,
आणि मीटरवाल्याची विजार,
ती त्याच्या अंगात असताना.

गोजरबाई म्हणाली,
"मिरची चोपड व माय, चपलेले.
परत तोंड लावाव नही."
मिरचीच्या गावात दुसरं औषध शोधतो कोण?
चोपडली. चांगली निवडून, झणझणीत.
त्याने हुंगली, शिंकला,
शेपूट हलवली
आणि चप्पल कुशीत घेऊन झोपला.

उजेड उशिराच पडला डोक्यात.
डोळे उघडायच्या आधीपासून
त्याला हाच वास ठाऊक.
याच वासात त्याची आई होती.
मी धाक घालायला गेले
आणि पदर देऊन आले.

म्हणूनच माझे हात.
इतरांना कधीमधी, मला दिवसाला वीसदा.
ओट्यावर टेकले की बोटं त्याच्या तोंडात.
दात कसले, सुयाच.
देठ खुडून नखांच्या कडा आधीच सोललेल्या.
हात ओढला तर त्याला वाटे शर्यत,
थापटलं तर कुस्ती,
ओरडले तर तोही ओरडे, आनंदाने.

ढोरांच्या दवाखान्यातले आधारआप्पा
त्याचे कान बघता बघता म्हणाले,
"भावंडं असती, तर जोरात चावल्यावर
एखादं कळवळलं असतं,
खेळ टाकून निघून गेलं असतं.
तुम्ही काय करता, चावल्यावर?"
काही नाही. सोसते.
"मग त्याला कसं कळावं?"

रात्री जागृती म्हणाली, म्हण ना आई, कुई.
चव्वेचाळीस वर्षांची बाई मी.
बावीस हंगाम हात जळाले,
ताकाच्या पातेल्यात बुडवून बसले रात्र रात्र,
तेव्हा घशातून काही निघालं नाही.
निघायला वाट पडलेली लागते.

पहिली कुई कोंबडीसारखी झाली.
जागृती हसून खाटेवरून घसरली.
दुसरी बरी.
तिसऱ्यांदा तो खरंच कचकन चावला
आणि आवाज आपसूक आला,
माझाच, पण मी कधी न ऐकलेला.
ठसका थांबला.
तोंड उघडं, बोट सुटलेलं.
मी उठून आत गेले, दार लोटलं.
पलीकडे नखं वाजत राहिली.

एका रात्रीत काही झालं नाही.
मधे रेशनकार्डाचा कोपरा गेलाच.
आता जुन्या लुगड्याच्या चिंधीला गाठी मारून
माठाला चिकटवून ठेवते, गार.
हिरड्या शिवशिवल्या की तो हात मागतो,
मी चिंधी देते.
बूट फळीवर गेले.
शिस्त लागली ती आधी आम्हालाच.

काल चिंधी धुताना दात सापडला,
मिरचीच्या बीएवढा.
फेकवेना. मिश्रीच्या डबीत ठेवलाय.

आज संध्याकाळी मुकादमाने काटा लावला,
नेहमीसारखं पोत्याखाली
बुटाचं टोक सरकवून.
माझ्या घशातून जे निघालं
ते धड शब्दही नव्हते.
बाया वळून बघायला लागल्या.
त्याने पाय काढला.
काटा दीड किलोने खाली बसला.

घरी आले तर
ठसक्याने झाडू संपवला होता,
आणि दांडा तोंडात धरून
दारातच उभा.