झोन सहा

पहाटे सहा दहाला अलार्म वाजला,
या महिन्यात तिसऱ्यांदा.
चोराचा पत्ता नाही, नुसत्याच बोंबा.
म्हातारे ब्लँचर्ड पायजम्यावर कोट चढवून उभे.
"उंदीर असेल, नाहीतर तुमचं यंत्र बिघडलंय.
आणखी एक खोटी हाक गेली
तर पोलीस यायचे बंद होतील."
मी शिडी उघडते.

ग्रिम्सबीत एकोणीस वर्षं हेच करतेय.
गोदीवरची मासळीची शीतघरं, दातांचे दवाखाने,
दोन चर्चं, एक कुत्र्यांचं हॉटेल.
लोकांना वाटतं, हिला चोर ओळखता येत असतील.
चोर मला एकदाच भेटला,
तोही जिन्यात झोपलेला.
मला कळतात ते कोळी,
भिंतीवरच्या डोळ्यासमोर जाळं विणून
एका पायाने अख्खी गल्ली उठवणारे.
आणि चार आकडे.
आकडे दाबताना लोक पाठ करून उभे राहतात,
तरी खांद्यावरून कळतं :
कुणाचं तरी जन्मसाल आहे,
बहुतेक गेलेल्याचं.

गालिच्यांचं दुकान. ओल्या लोकरीचा वास.
रोल उभे, बसची वाट बघणाऱ्या
जाड माणसांसारखे.
पुढे नील, म्हाताऱ्यांचा मुलगा,
एका बाईला जिन्याचा हिशेब समजावतोय.
कानामागे पेन्सिल, दाढी गुळगुळीत.
माझ्या शिडीकडे एकदा बघतो,
मग तेराव्या पायरीपाशी चुकतो.

पेटीचं झाकण काढलं.
पेटीच्या पोटात शेवटच्या पाचशे गोष्टी राहतात,
नावं नाहीत, नुसते क्रमांक.
एक म्हणजे म्हातारे.
दोन म्हणजे त्यांची बायको.
दोन वर्षांपूर्वी गेली.
तिचा आकडा पुसू का, मी दर खेपेला विचारते,
ते दर खेपेला म्हणतात, पुढच्या खेपेला.
तीन, हिशेब लिहिणारी बाई.

चार. बंद, रात्री अकरा बावन्न.
चार. चालू, पहाटे पाच चाळीस.
सोमवार. मंगळवार. बुधवार.
रविवारीसुद्धा.
नाताळच्या आदल्या रात्री जरा लवकर, नऊला.
अकरा आठवडे मागे जाता येतं,
त्यापलीकडचं पेटीला आठवत नाही.

मागची खोली. झोन सहा.
बिस्किटी रंगाचा एक रोल, अर्धा उलगडलेला,
सुतळीला एकच गाठ, तीही घाईची.
खिळ्याला इस्त्रीचा शर्ट.
मगमध्ये टूथब्रश.
भिंतीवरच्या डोळ्याला चेहरे दिसत नाहीत,
त्याला फक्त ऊब दिसते, हललेली.
रात्रभर माणसाचं वजन सोसलेला रोल
पहाटे कसाबसा गुंडाळला गेला,
आणि माणूस निघून गेल्यावर अर्ध्या तासाने
अंगाची ऊब धरूनच
आपल्या मनाने पुन्हा अंथरूण झाला.

मी सुतळीला दुहेरी गाठ मारली.
शर्टाला हात लावला नाही.
मग पेटीपाशी येऊन
झोन सहा रात्रीपुरता वगळला.
आता आत कुणी कूस बदलली
तरी पुढचं दुकान जागं राहील.

"काय निघालं?"
"कोळी," मी म्हटलं.
आणि पावतीवर तसंच लिहिलं.
पुढे नील टेपची पट्टी सोडून देतो,
ती सपकन आत जाते.

म्हातारे पावतीची घडी घालतात,
उलगडतात, परत घालतात.
"मागच्या खोलीत एक हीटर बसेल का?
दमट हवा लोकरीला चांगली नाही."
हीटरने डोळा बिथरतो, मी सांगितलं.
पावती खिशात घालत ते म्हणाले,
"तो डोळा तर तुम्ही आत्ताच मिटलात."

मी अलार्मवाली, हीटर माझं काम नव्हे.
तरी आत गेले,
आणि खिळ्याच्या जरा डावीकडे
भिंत ठोकून पाहिली.