सतरा फेरे

पुस्तक येऊन अठरा दिवस झाले.
प्रश्न तेच येतात, फक्त चष्मे बदलतात.

किती वर्षं लागली?
सहा, म्हणते मी. खरं तर दोन.
उरलेली चार वर्षं दुसरं प्रकरण
विजेच्या बिलांखाली पडून होतं
आणि मी बँकेत लोकांची पासबुकं भरत होते.
पण सहा म्हटलं की माना डोलतात,
साडेचारशे रुपये किंमत का, ते मग कोणी विचारत नाही.

यशवंत भोकरे हा खरा माणूस का?
सहकारनगरला आमच्या कोपऱ्यावर
पहाटे साडेचारला एक जण यायचा.
महापालिकेची खाकी, कानांवरून मफलर,
खांद्यावर त्याच्याएवढीच उंच लोखंडी किल्ली.
रस्त्यातलं झाकण सरकवून
किल्ली खोल उतरवायचा आणि फिरवायचा.
सतरा फेरे. न्हाणीघराच्या खिडकीतून मोजलेत मी.
मग आमचा नळ खाकरायचा.
एवढंच माहीत होतं.
नाव नाही, गाव नाही,
कधी चहा घेता का, तेही विचारलं नाही.
बाकीची दोनशे अडुसष्ट पानं
त्या चहाची भरपाई समजा.

मिस्टर काय म्हणतात?
पान नव्वदवर वेलांटी चुकली आहे म्हणतात.

कादंबरी पाणीटंचाईवर आहे ना?
उपाध्यांनी मागच्या पानावर तसं छापलंय खरं.
ते प्रकाशक आहेत, त्यांना टंचाई कळते.

कोथरूडहून एका बाईंचा फोन आला, भरल्या गळ्यानं:
त्याला मारायला नको होतं हो तुम्ही.
म्हटलं, अहो, तो रिटायर होतो.
दिघीला मुलाकडे राहायला जातो,
शेवटची चार पानं राहिली असतील तुमची.
वाचलीत, त्या म्हणाल्या,
रिटायर होऊन मुलाकडे. तेच म्हणतेय मी.
आणि फोन ठेवला.

मग परवाचा शनिवार.
शुक्रवार पेठेतलं वाचनालय, पाच ते सात,
अकरा माणसं, पैकी दोघं पंख्याखाली बसायला आलेली.
शेवटच्या रांगेतून एक गृहस्थ उठले,
हातात वाचनालयाचीच प्रत, कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर.
मी पोमण. पद्मावती पंपिंगला होतो, एकोणतीस वर्षं.
पान एकेचाळीस.
त्याच्या किल्लीचं तोंड झिजतं,
तो साहेबाकडे नवी मागतो.
मग?

मग काय? मी विचारलं.

मिळाली का?

मी पानं चाळली.
माझंच पुस्तक, परक्यासारखं, पुढून मागे, मागून पुढे.
एकेचाळीसवर ठेवलेली ती किल्ली
नंतर मी कुठेच उचलली नव्हती.
उपाध्यांनी नाही, मुद्रितं तपासणाऱ्या ढमढेरेंनी नाही,
वेलांटी सापडलेल्या माणसालाही नाही दिसलं.

म्हणजे झिजक्या किल्लीवरच काढली त्यानं नोकरी,
पोमण स्वतःशीच म्हणाले.
सरकते हो ती. जोर लावला की सुटते.
आणि उजवा हात उघडून दाखवला,
अंगठ्याखाली पांढरी, जुनी, आडवी खूण.
रागावले नव्हते. फक्त पुस्तकात शोधत होते
आणि सापडलं नव्हतं.

दुसऱ्या आवृत्तीत बघते, मी म्हटलं.
सात वाजले. शिपायानं पंखे बंद केले,
त्या दोघांनी माझ्याकडे बघून उसासा टाकला.

रविवारी पहाटे जाग आली, किंवा झोपच नव्हती.
हल्ली एक पोरगा येतो, मोपेडवर,
किल्ली सुतळीनं बाजूला बांधलेली.
झाकण सरकलं. मी खिडकीशी उभी राहिले
आणि सवयीनं मोजत गेले.
एकोणीस.

दोनदा सरकली असणार.

नळ खाकरला. गॅसपाशी आधणाचं भांडं होतं.
पुढे काय केलं, ते सांगत नाही.
ते अजून कोणी विचारलेलं नाही.